गाडी चेपते म्हणून आतला माणूस वाचतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तराचा रोख कळेल. वडिलांच्या जुन्या अ‍ॅम्बेसिडरने एकदा फाटकाचा खांब आडवा केला आणि बंपरला पोचाही आला नाही. तुमच्या नव्या गाडीला मात्र सिग्नलवर मागून धडक बसली आणि बंपरपासून डिकीच्या आतल्या पत्र्यापर्यंत सगळं चेपलं. कॉलेजात तुम्ही शिकलात की स्थितिस्थापक टकरीत गतिज ऊर्जा टिकून राहते आणि अस्थितिस्थापक टकरीत ती नाहीशी होते. मग कंपन्या गाड्या स्थितिस्थापक का करत नाहीत, आदळली की चेंडूसारखी मागे येईल आणि कुणाचंच नुकसान होणार नाही अशी? शिवाय तुम्ही विचारलंय की समोरासमोर ५०-५० च्या वेगाने धडकणं म्हणजे १०० च्या वेगाने भिंतीवर आदळणं, हे खरं का.

पंचवीसएक वर्षं मी पुण्यात हेच काम केलं: गाड्या आदळवून बघायच्या, आणि रस्त्यावर आदळलेल्या गाड्यांवरून आधीचा वेग काढायचा. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की चेंडूसारखी उसळणारी गाडी आतल्या माणसासाठी सगळ्यांत वाईट. का, ते आकड्यांनी दाखवतो.

दोन टोकं डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला कॅरम: एक सोंगटी दुसऱ्या थांबलेल्या सोंगटीला समोरासमोर बसली की जवळजवळ सगळा वेग तिला देते. ही बऱ्यापैकी स्थितिस्थापक टक्कर. दुसऱ्या टोकाला भिंतीवर थापलेली गोवरी: आदळली, पसरली, चिकटली. ही पूर्ण अस्थितिस्थापक टक्कर. मधल्या सगळ्या टकरी एका आकड्याने मोजतात. दोन वस्तू ज्या वेगाने एकमेकींकडे आल्या, त्याच्या किती पट वेगाने त्या एकमेकींपासून दूर गेल्या, हा तो आकडा. पूर्ण उसळीला १, गोवरीला ०. आपण त्याला उसळीचा गुणांक म्हणू. पार्किंगमधल्या ताशी पाच-सात किलोमीटरच्या धक्क्यात गाड्यांचा हा गुणांक साधारण ०.३ ते ०.५ असतो. ताशी ५०-६० च्या टकरीत तो ०.१ च्या आसपास, कधी त्याहूनही खाली येतो. म्हणजे एकच गाडी हलक्या धक्क्यात थोडी कॅरमच्या बाजूला आणि मोठ्या अपघातात जवळजवळ गोवरी. पत्रा थोडा वाकला तर परत येतो. मर्यादेपलीकडे वाकला की तसाच राहतो, म्हणून हा फरक पडतो.

आता गाडी ताशी ५० ने काँक्रीटच्या भिंतीवर आदळते असं धरा. गोवरीसारखी चिकटली तर तिच्या वेगातला बदल ५०. चेंडूसारखी त्याच वेगाने परत आली तर आधी ५० चे शून्य आणि मग शून्याचे उलट दिशेने ५०, एकूण बदल १००. आमच्या कामात या बदलाला ‘डेल्टा-व्ही’ म्हणतात आणि माणसाला किती इजा होईल याचा अंदाज सगळ्यांत आधी त्यावरूनच बांधतात. गाडी किती वेगात होती हा पुढचा प्रश्न. त्या दशांश सेकंदात तिचा वेग किती बदलला हे शरीराला कळतं. उसळीने तो बदल दुप्पट होतो, आणि गाडी शाबूत राहिली तरी आतली मान, मेंदू, यकृत हे सगळं दोनदा हिसडलं जातं.

तुमच्या सिग्नलवरच्या प्रसंगालाही हेच लागू. तुम्ही उभे होतात, तेवढ्याच वजनाची गाडी मागून ताशी ३० ने आली असं समजा. उसळ शून्य असती तर दोन्ही गाड्या १५ च्या वेगाने एकत्र पुढे सरकल्या असत्या, म्हणजे तुमचा डेल्टा-व्ही १५. उसळीचा गुणांक ०.३ असता तर तो १९.५ झाला असता. मागचा पत्रा चेपला नसता, तर तो साडेचारचा फरक तुमच्या मानेने भोगला असता. गॅरेजच्या बिलाचं दुःख मी समजू शकतो, पण त्या पत्र्याने त्याचं काम केलं.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा, कारण अनेक जाणकारांच्याही बोलण्यात तो दिसतो. ‘मजबूत’, ‘ताठर’ आणि ‘स्थितिस्थापक’ हे तीन वेगळे गुण आहेत. अ‍ॅम्बेसिडर १९५० च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली गाडी. तिचा बंपर आणि पत्रा जाड होता, म्हणून बाहेरून ती ताठर होती. मोठ्या टकरीत ती उसळत नसे. ती चेपतच असे, फक्त कुठे चेपायचं हे कुणी आधी ठरवलेलं नव्हतं. कधी बोनेटऐवजी माणूस बसतो ती जागाच चेपायची. बाहेरून वज्र आणि आतून कच्ची, अशी ती रचना.

याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा अमेरिकेतल्या एका चाचणीत आहे. तिथल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने, आयआयएचएसने, २००९ मध्ये आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर धडकवल्या, दोन्ही ताशी ६४ किलोमीटरने, अर्धवट तोंडावर. लांबलचक, जाड पत्र्याची बेल एअर जिंकेल असं बघणाऱ्या कुणालाही वाटलं असतं. तिचा केबिनच कोसळला. स्टीअरिंग आणि डॅशबोर्ड चालकाच्या जागेत घुसले आणि खरा माणूस असता तर वाचला नसता. मालिबूचं तोंड पार भुगा झालं, केबिन मात्र चौकोनी राहिला आणि तिच्या चालकाला पायाच्या दुखापतीवर निभावलं असतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी सूत्रं शिकवण्याआधी हे चित्रीकरण दाखवायचो.

ही कल्पना मुळात बेला बरेन्यी या मर्सिडीझ-बेन्झच्या अभियंत्याची. त्याने १९५१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला: मधला केबिन कडक, पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम नरम. १९५९ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाडीत आली. आज तुमच्या गाडीच्या बोनेटखाली, इंजिनाच्या दोन बाजूंना, पोलादाचे दोन पोकळ दांडे असतात. त्यांच्यावर ठरावीक अंतराने खाचा किंवा घड्या दिलेल्या असतात, की दाब आला की ते पेटीच्या भात्यासारखे एकामागून एक घडी पडत मिटावेत. भाता मिटला तरी तो परत उघडता कामा नये. उघडला, तर साठवलेली ऊर्जा गाडीला मागे ढकलेल, आणि आपण परत चेंडूवर आलो.

तुमच्या पुस्तकातली ‘ऊर्जा नाहीशी होते’ ही ओळ इथे नीट वाचायला हवी. टकरीत दोन हिशेब चालतात. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, याचा हिशेब सक्तीचा आहे. दोन गाड्यांचा मिळून संवेग टकरीआधी जेवढा, तेवढाच टकरीनंतर. त्यात अभियंत्याला काही करता येत नाही. गतिज ऊर्जेचा हिशेब मात्र मोकळा आहे. ती पोलाद मुडपण्यात, शेवटी उष्णतेत जाऊ शकते, आणि ती नेमकी कुठे खर्च व्हावी हे कागदावर आधी ठरवता येतं. आमचा सगळा धंदा या एका मोकळीकीवर उभा आहे.

आता ५०-५० चा प्रश्न. हजार किलोच्या दोन सारख्या गाड्या, दोन्ही ताशी ५० ने, समोरासमोर. एकूण संवेग शून्य, म्हणून दोन्ही जागच्या जागी थांबतात. प्रत्येकीचा डेल्टा-व्ही ५०. ऊर्जा बघा: ताशी ५० ला एका गाडीची ऊर्जा सुमारे ९६ किलोज्यूल. दोघींची मिळून १९३, पण ती पचवायला दोन तोंडं आहेत, म्हणून एकेकीच्या वाट्याला ९६. भिंतीवर ५० ने आदळल्यावरही नेमकं एवढंच. भिंतीवर १०० ने आदळलात तर एकाच तोंडाला ३८६ किलोज्यूल पचवावे लागतात, म्हणजे चौपट. तेव्हा सारख्या वजनाच्या गाड्यांसाठी ‘५० अधिक ५० म्हणजे भिंतीवर १००’ हे चूक आहे.

पण ‘सारख्या वजनाच्या’ हे शब्द सोडू नका, कारण आपल्या रस्त्यांवर बहुतेक वेळा समोर सारखी गाडी नसते. हजार किलोची गाडी आणि भरलेला पंधरा टनांचा ट्रक, दोन्ही ताशी ५० ने, समोरासमोर. पंधरा हजार गुणिले पन्नास, त्यातून हजार गुणिले पन्नास वजा, भागिले सोळा हजार: टकरीनंतर दोघं मिळून ट्रकच्या दिशेने ४३.७५ च्या वेगाने जातात. ट्रकचा डेल्टा-व्ही सव्वासहा. चालकाला जोरात ब्रेक लागल्यासारखा हिसका बसेल. गाडीचा डेल्टा-व्ही ९३.७५, कारण ती ५० ने पुढे जाता जाता जवळजवळ ४४ ने मागे ढकलली गेली. बल दोघांवर सारखंच होतं, न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने; फक्त एकाकडे ते झेलायला पंधरापट वस्तुमान होतं.

यावरूनच ताऱ्यांच्या मानांकनाकडे कसं बघायचं तेही कळतं. भारत एनकॅपमध्ये, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या आपल्या चाचणीत, गाडी ताशी ६४ ने एका मुडपणाऱ्या अडथळ्यावर तोंडाच्या ४० टक्के भागाने आदळवतात. अडथळ्याचा पुढचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा, मधाच्या पोळ्यासारखा असतो. ही चाचणी साधारणपणे ‘माझ्यासारख्याच वजनाची गाडी समोरून आली तर’ या प्रश्नाचं उत्तर देते. छोट्या गाडीचे पाच तारे आणि दोन टनांच्या एसयूव्हीचे पाच तारे समोरासमोर आले तर ते बरोबरीचे राहत नाहीत. तरी मी छोटी पंचतारांकित गाडी घेऊ नका असं म्हणणार नाही, कारण तेवढ्याच वजनाची शून्य तारे असलेली गाडी प्रत्येक बाबतीत तिच्याहून वाईटच ठरते.

आणि ट्रकच्या मागे घुसण्याबद्दल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटात रांगणाऱ्या किंवा कडेला बंद पडलेल्या ट्रकला गाडी मागून धडकते, तेव्हा बोनेट ट्रकच्या खाली सरकतं. भाते ज्या उंचीवर असतात तिथे त्यांना टेकायला काही मिळतच नाही. ट्रकची मागची कड थेट काचेवर आणि छताच्या खांबांवर येते. ऊर्जा पचवायला ठेवलेली सगळी यंत्रणा तशीच कोरी राहते. ट्रकच्या मागे खाली आडवा दांडा बंधनकारक आहे तो यासाठी, आणि तो गंजलेला, वाकलेला किंवा गायब दिसला की मला आजही संताप येतो.

तुम्ही शेवटी विचारलंत की अपघातानंतर वेग कसा काढतात. हा माझा आवडीचा भाग, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चौकात एक हजार किलोची गाडी पश्चिमेकडून पूर्वेला जातेय, एक दीड हजार किलोची दक्षिणेकडून उत्तरेला. धडकल्या, एकमेकींत अडकल्या, आणि बारा मीटर घसरत जाऊन थांबल्या. घसरण्याची दिशा पूर्वेपासून उत्तरेकडे ३७ अंश. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरू. बारा मीटर घसरून थांबायला सुरुवातीचा वेग सेकंदाला १२.८ मीटर लागतो, म्हणजे ताशी ४६. तो टकरीनंतरचा, दोघींचा एकत्र वेग. आता संवेगाचे दोन तुकडे करा, पूर्वेचा आणि उत्तरेचा. पूर्वेचा सगळा संवेग पहिल्या गाडीनेच आणलेला होता, उत्तरेचा सगळा दुसरीने. हिशेब केला की दीड हजार किलोची गाडी ताशी ४६ ने आली होती आणि हजार किलोची ९२ ने. ‘मी चाळीस-पन्नासनेच चाललो होतो’ असं सांगणाऱ्या माणसासमोर तो बारा मीटरचा काळा ओरखडा आणि तो कोन ठेवावा लागतो.

नवशिक्यांची ठरलेली चूक अशी की ते घसरण्याच्या अंतरावरून ऊर्जा काढतात आणि तीच टकरीआधीची ऊर्जा म्हणून वापरतात. वरच्या उदाहरणात टकरीआधी ४५३ किलोज्यूल होते, घसरायला सुरुवात झाली तेव्हा २०६. मधले २४७ किलोज्यूल दोन्ही गाड्यांच्या चेपलेल्या पत्र्यात गेले. ते विसरलं तर वेग कमी येतो, दोषी सुटतो. म्हणून टकरीच्या क्षणाला संवेग लावायचा, घसरण्याला ऊर्जा, आणि पत्र्याच्या चेपण्याची खोली मोजून दोन्हींचा ताळा घ्यायचा. टकरीच्या क्षणी टायरचं घर्षण का धरत नाही, तेही सांगतो. टक्कर साधारण दशांश सेकंदात आटोपते. तेवढ्या वेळात टायर जास्तीत जास्त ताशी अडीच किलोमीटरचा फरक करू शकतात. मोठ्या टकरीत तो नगण्य, हलक्या धक्क्यात मात्र नाही.

आता गाडीतल्या माणसाकडे येऊ, कारण गाडीची टक्कर संपली की त्याची सुरू होते. पट्टा नसेल तर गाडी थांबली तरी तो ताशी ५० नेच पुढे जात असतो. पट्टा बांधलेला माणूस गाडीच्या मिटणाऱ्या भात्याबरोबर थांबतो. समजा त्याला थांबायला ६० सेंटिमीटर मिळाले, तर शरीरावर वजनाच्या सुमारे १६ पट भार येतो. सत्तर किलोच्या माणसाला साडेअकराशे किलो. पट्ट्याने छाती आणि कमरेच्या हाडांवर पसरला तर तो सोसता येतो. पट्टा नसलेला माणूस डॅशबोर्डवर दहा सेंटिमीटरांत थांबला, तर भार जवळजवळ ९८ पट होतो. मांडीवर घेतलेलं दहा किलोचं मूल त्या १६ पटींच्या हिशेबातही १६० किलोंचं होतं. कुठल्याही आईबापाचे हात ते धरू शकत नाहीत, कितीही जीव असला तरी. मागच्या सीटवरही हाच नियम आहे.

शरीर किती सोसतं याचा पल्ला अमेरिकन हवाईदलातल्या कर्नल जॉन स्टॅप या डॉक्टरने स्वतःवर प्रयोग करून दाखवला. १० डिसेंबर १९५४ ला न्यू मेक्सिकोमधल्या हॉलोमन तळावर, रॉकेट लावलेल्या घसरगाडीत पट्ट्यांनी करकचून बांधून घेऊन तो ताशी १०१७ किलोमीटरपर्यंत गेला आणि १.४ सेकंदात थांबला. क्षणभर ४६.२ पट भार आला. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं, पण तो बरा झाला. नीट बांधलेला आणि पुरेसं अंतर मिळालेला माणूस बरंच सोसतो, हे त्यानंतर कुणी नाकारू शकलं नाही.

पट्टा आणि एअरबॅगही मुद्दाम अस्थितिस्थापक केलेल्या असतात. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. चांगल्या पट्ट्याच्या आत एक पोलादी दांडी असते. भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती पिळली जाते आणि पट्टा थोडा सैल सोडते. रबरासारखा पट्टा असता तर त्याने तुम्हाला परत सीटवर आपटलं असतं. एअरबॅगला मागच्या बाजूला भोकं असतात. डोकं त्यात शिरताना वायू त्यांतून निघून जातो. भोकं नसती तर ती फुटबॉल झाली असती. दुचाकीस्वाराकडे तर चेपायला पत्राच नाही. त्याच्याकडे फक्त हेल्मेटमधला दोन-अडीच सेंटिमीटर थर्माकोल आहे. उभ्या माणसाच्या उंचीवरून डोकं जमिनीवर आलं तर वेग सेकंदाला सहा मीटर. थर्माकोलच्या अडीच सेंटिमीटरांत थांबलं तर भार सुमारे ७३ पट. कवटीच्याच तीन मिलिमीटरांत थांबलं तर सहाशेवर. तो थर्माकोल एकदा चेपला की परत फुगत नाही, म्हणून एक जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून चकचकीत दिसलं तरी ते संपलेलं असतं.

या सगळ्याच्या नेमकं उलट जाणारी एक वस्तू आपल्याकडे हौसेने बसवतात: गाडीच्या पुढचा लोखंडी गार्ड. तो थेट चॅसीला बोल्टने जोडलेला असतो, त्यामुळे टकरीचा भार भात्याच्या घड्यांना वळसा घालून सरळ केबिनकडे जातो. एअरबॅगचे सेन्सर ज्या क्रमाने धक्का येईल असं धरून बसवलेत, तो क्रमही बिघडतो. आणि समोरच्या पादचाऱ्याला बोनेटऐवजी लोखंड लागतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं, तरी ते अजून दुकानांत लटकलेले दिसतात. तुमच्या गाडीला असेल तर आजच काढा.

राहता राहिली तुमची चेपलेली गाडी. बंपर, डिकीचं दार हे बदललं की झालं. पण मागच्या किंवा पुढच्या पोकळ दांड्यांना घडी पडली असेल तर डेंटरला ती तापवून, ओढून सरळ करू देऊ नका. आजकालचे दांडे उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात, तापवल्यावर त्यांची ती ताकद उरत नाही. एकदा मिटलेला आणि ओढून उघडलेला भाता पुढच्या वेळी ठरल्या जागी, ठरल्या क्रमाने मिटेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. सर्व्हेअरकडून दांडा बदलून घेण्याचा आग्रह धरा. डिकीतला गालिचा उचलून स्वतः बघा: सांध्यावरचं सीलंट कारखान्यातल्यासारखं एकसारखं आहे का, स्पॉट वेल्डचे गोल ठिपके दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आहेत का, रंगाखाली पुट्टीचा जाड थर लागतोय का. दोन्ही बाजूंच्या दांड्यांची मापं कंपनीच्या आकृतीशी जुळवून घ्या, आणि ती लेखी मागा.